दार उघडे ठेवणारे गाव

अँटवर्प म्हटले की भारतीय माणसाला हिऱ्यांचा बाजार आठवतो. पालनपूरकडची कितीतरी कुटुंबे गेली अनेक दशके तिथे हिऱ्यांचा व्यापार करीत आहेत. याच अँटवर्पहून पूर्वेकडे जाणारी गाडी धरली, की साधारण पाऊण तासात एक लहानसे स्टेशन येते. त्याचे नाव गेल. तिथली माणसे 'ग' घशातून काढतात, त्यामुळे आपल्या कानाला ते 'खेल'सारखे ऐकू येते.

गाव बेल्जियममधल्या इतर गावांसारखेच आहे. मध्यभागी चौक, चौकात उंच मनोऱ्याचे चर्च, आजूबाजूला कॉफीची दुकाने, विटांची बैठी घरे आणि सायकलींवरून ये-जा करणारी माणसे. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. पाहायला आलेल्या प्रवाशाला वाटावे, यात विशेष ते काय?

विशेष आहे ते घरांच्या दारांआड. गंभीर मानसिक आजार असलेल्या अनोळखी माणसांना आपल्या घरात ठेवून घेण्याची रीत या गावाने सुमारे सातशे वर्षे पाळली आहे. म्हणूनच बेल्जियममध्ये एक जुनी थट्टा आहे : अर्धे गेल वेडे आणि उरलेले अर्धे अर्धवेडे! पण जगभरातले डॉक्टर दोनशे वर्षांपासून या गावाची वाट धरत आले आहेत, ते थट्टा करायला नव्हे, शिकायला.

राजकन्येची कथा

या प्रथेचे मूळ एका दंतकथेत आहे. आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली. त्या दुःखाने राजाचे डोके फिरले. राणीसारखीच दिसणारी बायको हवी म्हणून तो स्वतःच्या मुलीशी, डिम्फ्नाशी, लग्न करायला निघाला. घाबरलेली राजकन्या एका वृद्ध धर्मगुरूसोबत समुद्र ओलांडून गेलला येऊन लपली. राजाने तिला शोधून काढले आणि तिचे मस्तक उडवले. ही कथा सातव्या शतकातली मानली जाते, पण ती लिहून निघाली तेराव्या शतकात. वेडापुढे न झुकलेली ही मुलगी पुढे मनोरुग्णांची संरक्षक संत ठरली.

तिच्या नावाच्या चर्चमध्ये दूरदूरचे लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन येऊ लागले. नऊ दिवसांचे अनुष्ठान असे. पंधराव्या शतकात चर्चला लागूनच रुग्णांसाठी खोल्या बांधल्या गेल्या. त्याही अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा चर्चच्या मंडळींनी गावकऱ्यांना विनंती केली : यांना थोडे दिवस तुमच्या घरी ठेवून घ्या.

नऊ दिवस संपत. काहींना बरे वाटे, पुष्कळांना वाटत नसे. कित्येकांचे नातेवाईक परतून येतच नसत. मग ती माणसे आहेत तिथेच राहत. शेतात हात लावत, गुरे राखत, पोरे सांभाळत आणि त्याच घरात म्हातारी होत. नवसाच्या मुक्कामाचे असे बिऱ्हाड झाले.

जेवायच्या टेबलावर एक जागा

गेलमध्ये अशा माणसाला कुणी 'रुग्ण' म्हणत नाही. तो घरातला 'बोर्डर', म्हणजे जेवणखाण करून राहणारा माणूस. त्याला स्वतःची खोली असते आणि जेवायच्या टेबलावर जागा असते. त्याच्या आजाराचे नाव घरच्यांना सांगितले जात नाही. त्यांना समजून घ्यायच्या असतात त्या त्याच्या सवयी. तो कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, कोणत्या वेळी त्याला एकटे सोडावे, हे सगळे.

१९७०च्या दशकात एलन बॅक्स्टर ही अमेरिकन तरुणी अभ्यासासाठी इथे येऊन राहिली. तिने पाहिलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. एका घरातला बोर्डर दररोज आपल्या शर्टाची बटणे पिळून तोडून टाकी आणि घरची बाई दररोज रात्री ती पुन्हा शिवून ठेवी. मासे धरायच्या गळाची पक्की दोरी वापरा, म्हणजे बटणे तुटणार नाहीत, असे एलनने सुचवले. बाईंना ते मुळीच पटले नाही. बटणे तोडण्याची त्याला गरज आहे, त्याने त्याला बरे वाटते, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या एका घरातल्या माणसाला भिंतीतून सिंह येताना दिसत. घरची बाई त्याच्याशी वाद घालत बसत नसे. ती सिंहांना हाकलून लावल्याचे नाटक करी आणि तेवढ्याने तो शांत होई.

शेजाऱ्यांचे वागणेही असेच. रस्त्यात स्वतःशी बोलत जाणारा माणूस दिसला, तर गेलमध्ये कुणी थबकत नाही. दुकानदाराला ठाऊक असते की हे गृहस्थ रोज येतात आणि काही न घेता जातात. मुले लहानपणापासून हे पाहत वाढतात, म्हणून त्यांना भीती वाटत नाही. घरातले म्हातारे वारले, की बोर्डर पुढच्या पिढीकडे जातो. आईवडिलांनी सांभाळलेला माणूस मुलगा किंवा लेक सांभाळते. एकाच कुटुंबात पन्नास वर्षे काढलेली माणसे इथे झाली आहेत.

नुसत्या दयेवर चालत नाही

हे सगळे साधुसंतांचे काम वाटेल, पण तसे नाही. एकोणिसाव्या शतकात काही बोर्डरांच्या पायांत बेड्याही होत्या. शेतावर फुकटचा गडी मिळतो म्हणून माणूस ठेवून घेणारेही असणारच. १८५०मध्ये सरकारने देखरेख हाती घेतली आणि १८६२मध्ये गावात रुग्णालय उभे राहिले. जे हिंसक होण्याचा किंवा आगी लावण्याचा धोका आहे, त्यांना घरात न ठेवण्याचा नियम झाला. आजही कुटुंबाला सरकारकडून माफक भत्ता मिळतो, परिचारिका नेमाने घरी येऊन जाते आणि माणूस फारच बिघडला तर रुग्णालयात त्याच्यासाठी खाट असते. शेजाऱ्याच्या मायेमागे डॉक्टर उभा आहे, म्हणूनच ती माया टिकून राहिली आहे.

पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या वडिलांनी १८८०मध्ये त्याला गेलला पाठवण्याचा विचार केला होता. तो बेत तडीस गेला नाही. १९३८मध्ये मात्र गावातल्या बोर्डरांची संख्या ३,७००च्या वर गेली होती.

त्यानंतर ती उतरत गेली. २०१६च्या सुमारास ती अडीचशेच्या आसपास होती. शेती कमी झाली, बायका नोकरीला जाऊ लागल्या, दिवसभर घरात कुणी नसते. नवी औषधे आल्याने काही जण स्वतंत्रही राहू शकतात. युनेस्कोने २०२३मध्ये या प्रथेचा गौरव केला खरा. पण गौरवाने रिकामी खोली भरत नाही. दार उघडणारी नवी कुटुंबे मिळवणे ही आज गेलची खरी काळजी आहे.

आपल्या जिन्यावर

नवसासाठी मनोरुग्णांना घेऊन येण्याची ठिकाणे आपल्याकडेही आहेत. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ अशा रुग्णांसाठी खासगी आश्रयस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यातल्या एका ठिकाणी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या २८ जणांना पळताही आले नाही. गेलला नवसाला आलेल्याला घर मिळाले, एरवाडीत साखळी मिळाली. दोन्हीकडे श्रद्धा होतीच. फरक पडला तो आजूबाजूच्यांच्या वागण्याने आणि देखरेखीने.

तरी आपल्याकडे चांगले घडलेच नाही, असेही नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावले. माणूस कसा सांभाळायचा, हे शिकूनच ते घरी परतत. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने २०१५पासून वर्षानुवर्षे रुग्णालयात पडून राहिलेल्या स्त्रियांसाठी साध्या वस्तीत भाड्याची घरे घेतली. तिथे त्या चौघीचौघी मिळून राहतात, बाजारहाट करतात, शेजाऱ्यांकडे सणाला जातात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे.

पण कायदा जिन्यावर उभा राहत नाही. तिथे शेजारीच असतात. आपल्या इमारतीतही एखादे दार सदा बंद असते. आतून रात्री-अपरात्री ओरडण्याचा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी घरातली आई मान खाली घालून भाजी आणायला निघते. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणते, यांना दुसरीकडे जागा बघायला सांगा. रात्रीची झोप मोडणाऱ्याचा त्रासही खोटा नसतो. मात्र त्या आईला तो त्रास दररोजचा असतो आणि तिच्याशी बोलायलाही कुणी नसते.

गेलच्या माणसांसारखे कुणाला घरी ठेवून घेणे सगळ्यांना जमणार नाही. पण त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारता येते. पोरांनी त्याला चिडवले तर दटावता येते. त्या आईला तासभर बाहेर जाऊन यायला सांगून तोवर दारात बसता येते. प्रसंग कठीण असेल, तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. तो क्रमांक तिला लिहून देता येतो.

गेलकरांनी कुणाचे वेड बरे केल्याचा दावा कधीच केला नाही. सकाळी बटणे तुटली, तर रात्री ती पुन्हा शिवायची, एवढेच ते करीत आले.