सायकलचा विमा उतरवावा का?



पारण्याच्या पदार्थांवर आणि चातुर्मासातल्या स्वयंपाकावर आतापर्यंत पुष्कळ लिहिले. आजचा विषय बाजारातला आहे, पण आला आपल्या घरूनच.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ती मुळशी-मावळच्या रस्त्यांवरूनही गेली आणि तेव्हापासून आमच्या लोणावळ्यातल्या मुलांना सायकलचे वेड लागले. आमचा नातू अकरावीत आहे. त्याने महिनाभर आईवडिलांच्या मागे लागून गिअरची सायकल घ्यायला लावली. किंमत ३८,४०० रुपये, बारा हप्ते, दरमहा ३,२००. आमच्या लग्नात यांना स्कूटर मिळाली होती ती एवढ्याची नव्हती, असे मी म्हटले. कोणी हसले नाही.

सायकल घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी मुलाने विचारले, "आई, तू बी.कॉम. ना? हिचा विमा काढायचा का सांग." चाळीस वर्षांनी कोणाला तरी माझी पदवी आठवली. मग मी कागद वाचायला बसले.

पहिली गोष्ट, स्कूटर-मोटारीचा निदान तृतीय पक्ष विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, सायकलचा नाही. सायकलला नंबरप्लेट नाही, नोंदणीही नाही. माझ्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असे, कर भरल्याची ती खूण. आता सायकलची ओळख म्हणजे फ्रेमवर ठोकलेला क्रमांक, बहुतेक सायकलींना तो पायडलच्या दांड्याखाली असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या घरात सायकल असेल तर आज संध्याकाळी उलटी करून तो क्रमांक बघा आणि बिलावर आहे का ताडून पाहा. बिलावर नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. विमा घ्या की नका घेऊ, पोलिसांकडे तक्रार द्यायची वेळ आली तर "निळी सायकल" एवढ्यावर काय शोधणार?

आमचा घराचा विमा आहेच, त्यात सायकल येत असेल असे सगळ्यांना वाटत होते. तो 'भारत गृह रक्षा' म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ठेवावा लागतो तो एकसारखा विमा आहे. आग, पूर, वादळ, दरड अशा गोष्टींसाठी तो चांगला, आणि आपल्या घाटाच्या तोंडावरच्या गावात असावाच. पण त्यात चोरी येते ती अशा आपत्तीमुळे झालेली आणि सात दिवसांच्या आत झालेली. आग लागली, घर उघडे पडले आणि कोणी सामान नेले, तर भरपाई. भर दुपारी जिन्याखालून सायकल गेली तर नाही.

घरफोडीचा विमा वेगळा घेता येतो. पण मैत्रिणींनो, इथे शब्द नीट वाचायचा. आपण बोलताना सगळ्याला चोरीच म्हणतो. विम्याच्या कागदात घरफोडी म्हणजे कुलूप, कडी, खिडकी तोडून आत शिरणे, आणि तशा खुणा दिसाव्या लागतात. उघड्या जागेतून उचलून नेणे ही निराळी गोष्ट. सोसायटीच्या पार्किंगला "घर" म्हणायचे का, हाही प्रश्न असतो. मी ते तीनदा विचारले तेव्हा पलीकडचा मुलगा शेवटी म्हणाला, "काकू, सायकल घरात ठेवत जा." सूनबाईंनी फरशीकडे पाहिले. लोणावळ्याच्या पावसात चिखलाची चाके घरात आणायची म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय ओल्या चाकाला जीवजंतू चिकटून येतात, म्हणून जयणेने बाहेरच कोरड्या फडक्याने पुसून मग आत, असे ठरले. ते काम नातवाचे.

मग फक्त सायकलसाठी असलेल्या विम्याची चौकशी केली. आम्हाला मिळालेला आकडा असा: विमा रक्कम ३८,४००, वार्षिक हप्ता १,६५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २९७, मिळून १,९४७ रुपये. चोरी झाली तर पहिले २,००० आपले, म्हणजे हातात ३६,४००. वहीत भागाकार केला. साधारण १९ वर्षांत एकदा सायकल चोरीला गेली तर दिलेले आणि मिळालेले बरोबर. दुसऱ्या वर्षी २० टक्के घसारा धरून विमा रक्कम ३०,७२० वर येते. नुसता दिवा, पंप किंवा सीट नेली तर काही नाही. बाहेर ठेवली असेल तर खांब, कठडा अशा हलवता न येणाऱ्या वस्तूला कुलूप लावून बांधलेली हवी. एफआयआर हवा, बिल हवे, तेही विमा घेणाऱ्याच्या नावाचे. नातू अठराचा नाही, बिल मुलाच्या नावावर, म्हणून विमाही मुलाच्याच नावाने. कॉलेजात "विमायोग्य हित" पाठ केले होते ते इथे उपयोगी पडले.

या अटींतली कुलपाची अट मला आधीच माहीत होती, ती अशी. आमच्या ओळखीच्या एका घरातली सायकल क्लासच्या दारातून गेली. विमा होता. मुलाने घाईत कुलूप लावले नव्हते. कोणीतरी शहाण्याने सुचवले, "लावले होते असे लिहा, कोण बघायला येतेय." १४,००० रुपयांचा प्रश्न. मला हिशेबातले कळते म्हणून त्या घरच्या बाईने रात्री फोन केला. मी म्हटले, तुमच्या मुलाला हे लिहिताना बाजूला बसवाल का? ती बराच वेळ गप्प होती. शेवटी त्यांनी झाले तसे लिहिले आणि दावा नामंजूर झाला. तिचे यजमान अजून कुरकुर करतात, आणि मला ती अगदीच गैर वाटत नाही. दोन वर्षे हप्ते भरलेले माणूस कुरकुरणारच. पण मृषावाद आणि अदत्तादान ही दोन्ही व्रते एका वाक्यात मोडायची, तीही पोरासमोर, हा व्यवहार १४,००० मध्ये महागच पडला असता.

(दावा खरा असून नाकारला, किंवा तक्रारीला महिनाभर उत्तरच नाही, असे असेल तर मात्र गप्प बसू नका. विमा लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.)

आता दुसरी सायकल. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी भाजे गावाहून येतात. त्यांची मुलगी तळेगावला नर्सिंग शिकते. पहाटे सायकलने मळवली स्टेशन, तिथून लोकल. सायकल दिवसभर एका ओळखीच्या दुकानासमोर उभी. या उन्हाळ्यात ती जुनी सायकल मोडली, आणि मावशी म्हणाल्या, "काकू, एक जण अडीच हजाराला चांगली देतोय. बिल नाही म्हणतो."

मी त्यांना आपले शास्त्र सांगत बसले नाही. पण माझ्या मनात तेच आले. तिसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत चोराला साहाय्य करणे आहे, तसे चोरीचा माल घेणेही आहे. आपण प्रतिक्रमणात ते म्हणून जातो आणि वाटते, आपण कुठे चोरीचा माल घेतो? बिल नसलेली, निम्म्याहून कमी किमतीची, नवी दिसणारी सायकल म्हणजे दुसरे काय असणार? मी मावशींना एवढेच म्हटले, "कोणाची तरी पोर तिच्यावरून स्टेशनला जात असेल." त्यांना पटले. दुकानातून ६,५०० ची नवी घेतली, ३,००० आम्ही दिले, महिना ५०० प्रमाणे त्या फेडताहेत. फेडणे त्यांनीच ठरवले.

आणि इथे माझा विम्याचा सगळा हिशेब उलटा झाला. नातवाची सायकल गेली तर आम्हाला वाईट वाटेल, चार दिवस घरात बोलणी होतील. त्या मुलीची गेली तर तिची लोकल चुकेल, प्रॅक्टिकल चुकेल, पावसात अंधाराची पायपीट. विमा खरा कुणाला हवा? पण आम्ही जिथे चौकशी केली तिथे एवढ्या किमतीच्या सायकलचा विमा घ्यायला कोणी तयार नव्हते. ३८,००० ची असेल तर या, साडेसहाची असेल तर सांभाळा.

आमच्या भिशीत हे सांगितले तर एक जण म्हणाली, आपणच दर महिन्याला थोडे काढून सायकलींचा विमा करू. कल्पना चांगली, मला आवडलीही. पण लोकांकडून हप्ते घेऊन भरपाईचे वचन द्यायचे म्हणजे विमा व्यवसाय झाला, त्याला परवाना लागतो. म्हणून जिने तिने आपल्या घरी डबा ठेवावा, एवढेच ठरले.

आमच्या घरी शेवटी असे झाले. नातवाच्या सायकलचा विमा एका वर्षापुरता घेतला. कारण बारा हप्ते चालू आहेत, आणि सायकल गेल्यावरही तिचे ३,२०० भरत राहणे मुलाला जड जाईल. पहिल्या वर्षी पूर्ण किंमत धरतात, तेव्हा घ्यायचा तर याच वर्षी. हप्ते संपले की नूतनीकरण करायचे नाही, असे माझे मत. मुलाचे अजून पक्के नाही. स्टेशनवर जायला यांची जुनी काळी सायकल तेल घालून काढली. नवी फक्त रविवारी कार्ला, लोहगडाच्या पायथ्यापर्यंत.

परिग्रह वाढवायचा आणि मग त्याची राखण करायची, असे व्याख्यानात ऐकून आलेल्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या. खरे आहे. पण आणलेली वस्तू निष्काळजीपणे टाकून कोणाला मोह पडू देणे हेही मला बरे वाटत नाही.

दोन भक्कम यू-लॉक आणले, एक आमच्याकडे, एक भाज्याला गेले. आणि पुढच्या वर्षी विम्याचे जे १,९४७ वाचतील ते डब्यात टाकायचे आहेत. डब्यावर दोन्ही सायकलींचे फ्रेम क्रमांक चिकटवले आहेत.