मिनेसोटातील अक्षय घास

अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या नैर्ऋत्येस मोटारीने तासाभराच्या आत कार्व्हर जिल्हा लागतो. मिनेसोटा राज्यातील हा मुलूख तळ्यांचा आहे. दोन टेकड्यांमध्ये सखल जागा दिसली की तेथे पाणी असावयाचेच. आम्ही गेलो तेव्हा मेपलची पाने लाल झाली होती आणि वाऱ्याला धार आली होती. येथे जानेवारीत पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंतही उतरतो, जमीन दगडासारखी गोठते आणि महिनोन् महिने गुरांना हिरवी काडी दिसत नाही. हे ध्यानात घेतल्यावाचून व्हेंडेलिन ग्रिम यांची कथा समजावयाची नाही.

ग्रिम मूळचे जर्मनीच्या बाडेन प्रांतातील. १८१८ साली जन्मलेले हे गृहस्थ क्युल्सहाइम नामक गावी शेती करीत. गाव कॅथोलिक, कारंज्यांसाठी प्रसिद्ध. पण कारंज्यांनी कोणाचे पोट भरत नाही. त्या भागात बापाची जमीन सर्व मुलांत वाटली जाई. वाटणीवर वाटणी होऊन शेताची काय अवस्था होते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. १८५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, ग्रिम यांनी पत्नी ज्युलियाना व तीन मुले यांच्यासह समुद्र ओलांडला आणि चास्का गावाजवळ १३७ एकर जमीन घेतली. पुस्तकांतून ज्युलियानाबाईंचे नाव एका ओळीपुरते येते. परंतु तीन लेकरांना घेऊन जहाजाचा प्रवास आणि परक्या रानातला पहिला हिवाळा ज्या माउलीने निभावला, तिला एकच ओळ हे आम्हांस थोडके वाटते.

ती भूमी कोणाची नव्हती असे मात्र नाही. डाकोटा लोकांची ही वडिलोपार्जित भूमी १८५१ च्या तहांनी अमेरिकन सरकारने घेतली होती, म्हणजे ग्रिम कुटुंब येण्याच्या अवघी सहा वर्षे आधी. तहात कबूल केलेला पैसा व धान्य वेळेवर पोहोचले नाही, उपासमार झाली, आणि १८६२ साली युद्ध पेटले. पुढील वर्षी डाकोटांना राज्याबाहेर घालविण्यात आले. एकाच्या घराचा पाया रचला जात असता दुसऱ्याचे घर मोडत होते. वसाहतकारांच्या कष्टांचे गोडवे गाताना ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

ग्रिम यांच्या सामानात १५ ते २० पौंड बियाण्याची एक लहानशी पिशवी होती. बी लसूणघासाचे. होय, वाचकहो, आपल्याकडे विहिरीच्या पाण्यावर दुभत्या जनावरांसाठी लावतात तोच हा घास! एकदा पेरला की काही वर्षे कापीत राहावे. म्हणूनच ग्रिम त्यास ‘एव्हिगर क्ले’ म्हणत. याचा अर्थ अक्षय घास.

परंतु १८५८ च्या वसंतात पेरलेला हा अक्षय घास मिनेसोटाच्या थंडीत अक्षय ठरला नाही. बर्फाने रोपांचे माथे जळाले. जमीन गोठताना फुगते आणि वितळताना खचते, तिने मुळे उपटून काढली. पुष्कळशी रोपे मेली. दुसरा कोणी असता तर नांगर फिरवून मका पेरून मोकळा झाला असता. ग्रिम यांनी जी थोडी रोपे जगली त्यांचेच बी धरले आणि तेच पुन्हा पेरले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली. पुन्हा वाचलेल्यांचे बी, पुन्हा पेरणी. असे सुमारे पंधरा वर्षे चालले.

पंधरा वर्षे हा शब्द आपण किती सहज लिहितो! मूल जन्मून हाताशी येईपर्यंतचा हा काळ. जंगल तोडणे, बुंधे उपटणे, गुरे सांभाळणे ही कामे चालूच होती. त्यातच हे घासाचे शेत. कोणी शास्त्रज्ञ पाठीशी नव्हता. सांगतात की, एका दुष्काळी हंगामात शेजाऱ्यांची गुरे हाडांवर आली असताना ग्रिम यांची धष्टपुष्ट जनावरे पाहून एकाने विचारले, एवढा मका कोठून आणलात? मक्याचा दाणाही नाही, नुसता अक्षय घास, असे उत्तर मिळाले. मग शेजारी बी मागू लागले. १८८९ साली मिनेसोटातील लसूणघासाचा जवळजवळ निम्मा पेरा एकट्या कार्व्हर जिल्ह्यात होता.

या बियाण्यात घडले काय, याचा उलगडा पुढे शास्त्रज्ञांनी केला. निळसर-जांभळ्या फुलांच्या नेहमीच्या जातीत पिवळ्या फुलांच्या, थंडी सोसणाऱ्या जातीचा थोडा अंश मिसळलेला होता. म्हणून ग्रिम घासाच्या फुलांत नाना रंग दिसतात. जी रोपे शरद ऋतूतच वाढ आवरून मुळांत अन्न साठवितात ती तगतात, आणि उशिरापर्यंत डौलाने वाढत राहणारी मरतात. हिवाळ्याने निवड केली. ग्रिम यांनी ती निवड वाया जाऊ दिली नाही.

१८९० साली ग्रिम वारले, तेव्हा जिल्ह्याबाहेर त्यांचे नाव क्वचितच कोणास ठाऊक असेल. त्याच परिसरातील आर्थर लायमन नामक शिक्षकांच्या ध्यानात आले होते की, इतर लसूणघास हिवाळ्यात मरतो आणि हा मात्र टिकतो. १९०० च्या सुमारास त्यांनी ही गोष्ट मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगकेंद्रातील प्राध्यापक विलेट हेज यांच्या कानी घातली. प्रयोग झाले, सरकारी पत्रके निघाली, आणि उत्तरेकडील थंड राज्यांत ‘ग्रिम’ हे बियाण्याचे नाव झाले. १९२४ साली त्यांच्या शेतावर स्मारकशिला बसली.

ग्रिम यांनी १८७६ मध्ये बांधलेले घर अद्याप उभे आहे. चास्काची माती भाजल्यावर फिकट पिवळी होते. त्या विटांच्या भिंती साध्या, नीटनेटक्या. १९७४ साली त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली, आणि आता ते एका सार्वजनिक उद्यानाच्या हद्दीत राखलेले आहे. बियाण्यास मात्र पुढे मुळांना सुकविणाऱ्या मर रोगाने गाठले. १९५३ साली निघालेल्या ‘व्हर्नल’सारख्या रोगास दाद न देणाऱ्या जातींनी त्याची जागा घेतली. आम्ही परतलो तेव्हा वाटेवरील शेतांत घासाची शेवटची कापणी होऊन गेली होती, आणि वाळल्या गवताचे मोठाले गोल भारे हिवाळ्याची वाट पाहत बांधाकडेला पडले होते.