कौतुक जमा, खप नावे

३४ आणि ३५ या दोन आकड्यांत फरक फक्त एकाचा आहे, असे गणित सांगते. गणिताचे काय जाते सांगायला! ज्यांनी आपल्याकडे परीक्षा दिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या एकात अख्खे वर्ष बसते, वडिलांचा अबोला बसतो आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचे "काय रे, पेपर अवघड होता का?" हेही बसते. म्हणूनच तर आपल्या थोर शिक्षणपद्धतीने ग्रेस मार्कांचा शोध लावला. अमेरिकेत हा शोध अजून पोचलेला नाही. पुरावा देतो.

तिकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइन नावाचे शहर आहे. तिथे ऑब्सिडियन एंटरटेनमेंट ही कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणारी कंपनी. खेळ म्हणजे नुसते मोटारी पळवण्याचे नव्हेत. एक पात्र घ्यायचे, त्याच्या अंगात शिरायचे आणि पन्नास-शंभर तास त्याचा संसार करायचा, या जातीचे. त्यांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. २०१० साली या कंपनीने दुसऱ्या एका प्रकाशकासाठी 'फॉलआउट: न्यू व्हेगास' नावाचा खेळ केला. करार असा, की ठरलेली रक्कम घ्या, पुढे खपात वाटा मागू नका. मात्र मेटाक्रिटिकवर ८५ मार्क पडले तर बोनस. मेटाक्रिटिक म्हणजे ठिकठिकाणच्या समीक्षकांनी दिलेल्या मार्कांची सरासरी काढून टांगणारा फळा. खेळाला पडले ८४. बोनस गेला! कंपनीतल्याच ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ साली ही गोष्ट जाहीर केली.

बोनस गेला हे शब्द कोणाच्याही बाबतीत ऐकले तरी बँकवाल्याच्या पोटात तुटते. त्यातून ८४ हा आकडा आमच्या घराण्यात आजवर फक्त आजोबांनी पाहिला, आणि तोही वयाचा. तेवढे मार्क मिळवूनही माणूस नापास होतो, हे काही केल्या मनाला पटेना. त्या दिवसापासून मी या कंपनीच्या बाजूचा झालो.

त्याच २०१२ साली त्यांचा आणखी एक मोठा खेळ अर्ध्यावर रद्द झाला आणि माणसे कमी करावी लागली. अशा वेळी काय करावे? भाद्रपद तोंडावर आला आणि तिजोरीत खडखडाट असला की आपल्याकडची मंडळे जे करतात तेच त्यांनी केले. वर्गणी काढली. योगायोग पाहा, महिनाही सप्टेंबरच होता! किकस्टार्टर या संकेतस्थळावर त्यांनी पुस्तक उघडले आणि ११ लाख डॉलर मागितले. दोन दिवस पुरते उलटायच्या आत तेवढे जमले, आणि महिन्याभरात आकडा गेला जवळजवळ ४० लाखांवर. सुमारे ७४ हजार लोकांनी पावती फाडली. दार वाजवावे लागले नाही, 'बाबा घरी नाहीत' हे ऐकावे लागले नाही. लोकांनी आपण होऊन रांग लावली.

लोक एवढे कशाला भुलले? तर कंपनी म्हणाली, आम्ही जुन्यासारखा खेळ करणार. जुना म्हणजे १९९८ चा 'बाल्डर्स गेट'. तो केला होता कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने, आणि गंमत म्हणजे ती कंपनी काढणारे चक्क डॉक्टर होते. तो बाजारात आणणाऱ्या ब्लॅक आयल नावाच्या विभागातली काही मंडळी २००३ साली बाहेर पडली आणि त्यांनी ऑब्सिडियन काढली. म्हणजे प्रसिद्ध खानावळीतले आचारी बाहेर पडून शेजारच्या गल्लीत स्वतःची चूल मांडतात आणि सांगतात, 'चव तीच हो!', तसा हा मामला.

त्या जुन्या खेळाची रीत मी सांगतो. चित्र वरून, जरा तिरके दिसते. गच्चीवरून खालची गल्ली पाहावी तसे. तुमच्याबरोबर पाच सोबती. कोणी तलवारबहाद्दर, कोणी मांत्रिक, कोणी चोर. लढाई सुरू झाली की सगळे एकदम एकमेकांवर तुटून पडतात. आणि इथे खरी मौज आहे. स्पेसबार दाबला की सगळे जागच्या जागी थिजते! राक्षसाची गदा वरच्या वर, मांत्रिकाचे तोंड उघडे. तुम्ही चहाचा घोट घ्या, सहाही जणांना निवांत हुकूम द्या, पुन्हा स्पेसबार दाबा. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला यापलीकडे मोक्ष म्हणून काही असेल असे मला वाटत नाही. पेन्शनच्या दिवशी, समोर साठ माणसे, त्यातल्या चाळिसांना ऐकू येत नाही, पासबुकाचे यंत्र बंद, आणि मी हळूच स्पेसबार दाबतो! पण आमच्या कॉम्प्युटरवर स्पेसबार दाबला की फक्त थोडी जागा सुटते.

वर्गणीतून झालेल्या खेळाचे नाव 'पिलर्स ऑफ इटर्निटी'. तो आला २६ मार्च २०१५ ला. तारीख पाहून मी कपाळाला हात लावला. बँकवाल्याच्या आयुष्यात मार्चअखेर काय असते याची अर्व्हाइनला कल्पना असण्याचे कारण नव्हते. मी एप्रिलमध्ये सुरुवात केली तोवर निकाल लागला होता. मेटाक्रिटिकवर ८९! समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली. लिखाण उत्तम, जग भरीव. मुले आत्म्याविना जन्माला येताहेत अशा एका शापित मुलुखाची गोष्ट, आणि ती पोरकटपणा न करता सांगितलेली. जुने दिवस परत आले, असे सगळ्यांचे म्हणणे पडले.

खेळणाऱ्यांच्या तक्रारी मात्र वेगळ्या होत्या, आणि माझ्या मते जास्त रसाळ. पहिली तक्रार सोनेरी पाट्यांची. ज्यांनी भरघोस वर्गणी दिली होती त्यांना खेळात आपापले पात्र मिळाले. ती पात्रे रस्तोरस्ती उभी असतात, नाव सोनेरी अक्षरांत, आणि त्यांच्या आत्म्यात डोकावले की लांबलचक आत्मकथा सुरू होते. तिचा मूळ गोष्टीशी काडीचाही संबंध नसतो. परदेशातले खेळाडू यावर वैतागले. मला मात्र एकदम घरी आल्यासारखे वाटले. आपल्या देवळात पायरीपायरीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' नसते का? पाण्याच्या टाकीवर दात्याचे नाव टाकीपेक्षा मोठे नसते का? आपण त्यावर पाय देऊन पुढे जातो, तसे पुढे जावे. वर्गणी घेतली की पाटी आलीच.

दुसरी गोष्ट तळघराची. जसजसे वर्गणीदार वाढले तसतसे कंपनीने किल्ल्याखालच्या भुयाराचे मजले वाढवले. होता होता १५ झाले. आपल्याकडचे बिल्डर वर चढतात, हे खाली उतरले, एवढाच फरक. तिसरी गोष्ट खुद्द किल्ल्याची. तो पडका किल्ला तुम्हाला बक्षीस मिळतो. मग भिंती दुरुस्त करा, पहारेकऱ्यांचा पगार द्या, कर वसूल करा, वाटेत चोर हात मारतात तो तोटा सोसा. समीक्षकांना हा भाग फिका वाटला. मला तो भयाण वाटला. दिवसभर लेजर संपवून घरी आलेला माणूस रात्री साडेदहाला पुन्हा लेजर उघडतो, त्याला करमणूक म्हणायचे?

आणि एक चूक तर अशी होती, की एखादी वस्तू दोनदा क्लिक करून अंगावर चढवली की त्या पात्राचे काही जन्मजात फायदेच नाहीसे होत. म्हणजे कोट चढवायला गेलो आणि महागाई भत्ता कापला गेला! पण त्यांनी ती काही दिवसांत दुरुस्त केली. भत्ता इतक्या लवकर परत मिळाल्याचे उदाहरण आमच्या युनियनच्या इतिहासात नाही.

इतके होऊनही खेळ चांगला खपला. वर्ष संपायच्या आत ५ लाखांवर प्रती गेल्या. साहजिकच दुसरा भाग निघाला, 'डेडफायर'. पुन्हा वर्गणी, २०१७ च्या सुरुवातीला, या वेळी फिग नावाच्या ठिकाणी. तिथे नुसती वर्गणी नाही, पैसे गुंतवून नफ्यात वाटाही मागता येई. म्हणजे गणपतीला वर्गणी द्यायची आणि वर लाभांश घ्यायचा! जमले ४४ लाख डॉलर. ८ मे २०१८ ला खेळ आला. सुरुवातीलाच एक देव किल्ल्याखालून उठतो आणि तुमचा तो पै-पै करून दुरुस्त केलेला किल्ला मातीला मिळवून चालू पडतो. पुनर्विकासाला संमतीपत्रसुद्धा नाही. पुढे मात्र समुद्र, बेटे, जहाज, सगळी पात्रे तोंडाने बोलणारी. चित्रे पहिल्याहून देखणी. समीक्षक पुन्हा खूश. मार्क ८८.

आणि खेळ खपला नाही. म्हणजे अगदीच नाही असे नव्हे, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते, की प्रत्येक नावे रकमेला कुठेतरी जमा रक्कम असते. इथे कौतुक पूर्ण जमा, मार्क फक्त एकाने कमी, आणि पैसे कुठे गेले ते कोणालाच सापडेना. लोकांनी कारणे शोधली. एक बाजू म्हणे, दोष सगळे एकदम तुटून पडण्याच्या लढाईचा. एकेकाची पाळी यायला हवी. दुसरी बाजू म्हणे, पाळीचा खेळ म्हणजे रटाळपणा. हा वाद मला नीट समजला, कारण आमच्या शाखेतही तो झाला आहे: टोकन पद्धत हवी की झुंबड हवी? कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये 'डेडफायर'ला टोकन पद्धतही जोडून दिली. ज्याला जी हवी ती घ्या.

पण सगळ्यांत चांगले बोलला तो खेळाचा दिग्दर्शक जॉश सॉयर. २०१९ साली त्याने लिहिले त्याचा मतलब असा, की का खपला नाही हे मला नक्की कळत नाही. पहिल्याच भागात लोकांची हौस फिटली असेल. दुसरा निघालाय हे कळले नसेल. किंवा पहिला विकत घेऊनही, एवढे मार्क पडूनही, तो लोकांना मनापासून आवडलाच नसेल. मी बँकेत वीसपेक्षा जास्त वर्षे अहवाल वाचतो आहे. 'प्रतिकूल परिस्थितीमुळे' हे शब्द न वापरता अपयशावर लिहिलेले मी हे पहिलेच वाचले.

त्याचा शेवटचा प्रश्न मला लागला. आवडलाच नसेल का? याचे उत्तर मला माहीत असलेल्या एका वर्गणीदाराकडे आहे. १९९९ साली आम्ही चौघे मित्र बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एकाच्याच घरी कॉम्प्युटर, आणि 'बाल्डर्स गेट'च्या पाच सीडी. एकजण माउस धरी, तिघे खुर्चीमागे उभे. प्रत्येकाचे पात्र ठरलेले. सीडी बदलायची वेळ आली की मित्राची आई पोहे आणी. एकाचे पात्र मेले की बाकीचे तिघे त्याला पुण्यतिथीपर्यंत चिडवत. त्या चौघांतला एक आता सिडनीला आहे. २०१२ च्या त्या ७४ हजारांत तो होता. खेळ आला त्या रात्री त्याचा मला निरोप: "घे लेका, तस्साच आहे!" मी घेतला. आज विचारले तर तो पहिल्याच गावात आहे. गावाच्या मधोमध झाडाला प्रेते टांगली आहेत, त्यांच्याकडे बघत त्याचा माणूस दहा वर्षे उभा आहे. "वेळ कुठंय रे," म्हणतो. पण तो खेळाला नाव ठेवू देत नाही. सगळ्यांना सांगतो, अप्रतिम आहे.

तो खोटे बोलत नाही. त्याने पैसे दिले ते खेळाचे दिलेच नव्हते. खुर्चीमागच्या तिघांचे दिले होते. कंपनीने कबूल केलेला सगळा माल पोचवला. चित्र तसे, लढाई तशी, स्पेसबारसुद्धा तोच. पोहे आणि तिघे मित्र तेवढे खोक्यात मावले नाहीत. यात अर्व्हाइनवाल्यांची काय चूक? पण दुसऱ्यांदा पावती फाडायला लोक आले नाहीत, याचे निदान एक कारण मला तिथे दिसते. हरवलेली वस्तू शोधायला माणूस एका दुकानात एकदाच जातो.

तेव्हा जुन्या धाटणीचे खेळ संपले म्हणावे, तर तेही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने 'बाल्डर्स गेट ३' आणला. मार्क ९६! लढाई टोकन पद्धतीची. चार जण चार कॉम्प्युटरांवरून एकत्र खेळू शकतात, म्हणजे खुर्चीमागच्यांचीही सोय. वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून बक्षीसही मिळाले. माझा भाचा, वय २२, तो मित्रांबरोबर रात्र रात्र खेळतो आणि आरडाओरडा करतो. त्याला मी 'पिलर्स' दाखवला. दोन पाने वाचून तो म्हणाला, "मामा, छान आहे. पण हे पुस्तक आहे ना?"

मी बरे म्हटले. त्याचे चौघे त्याला मिळाले आहेत. माझा मी एकटा वाचत खेळतो, आणि सॉयरसाहेब, मला तो खरोखर आवडतो. जुन्यासारखा आहे म्हणून नव्हे. रात्री साडेदहानंतर मला पुरेल इतका सावकाश आहे म्हणून. अर्धा तास खेळतो. त्यातली दहा मिनिटे मागच्या वेळी काय झाले ते आठवण्यात जातात. सौ. विचारते, "अजून तोच?" मी म्हणतो, तोच. सध्या भुयाराच्या नवव्या मजल्यावर आहे. खाली सहा मजले उरले आहेत आणि निवृत्तीला चौदा वर्षे. घाई कसली?