हौदातला पाखरांचा वाटा

सोलापुरात नळ रोज येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येतो आणि वेळ सांगून तर कधीच येत नाही. म्हणून इथल्या घरांत हौद, ड्रम, घागरी आणि नळ जास्त वेळ टिकलाच तर पातेलीसुद्धा भरून ठेवलेली दिसतात. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून आलेलं हे पाणी. तांदूळ धुतलेलं कुंडीला आणि कपडे खळबळलेलं फरशीला, असा त्याचा हिशेब असतो. या गावात अंगणातल्या पाखरांसाठी पाणी ठेवायचं म्हटलं की घरातल्यांची नजर आधी ड्रमच्या तळाकडे जाते.

शेजारच्या आक्कांनी तर तोंडावरच विचारलं होतं, "काय वो, माणसाला पुरंना आणि पाखरांचे लाड?" आक्कांचं माहेर शहराच्या पूर्व भागातलं, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या त्या, बोलणंही तसंच मोठ्यानं. मी त्यांना परळ दाखवलं. मातीचं, पसरट, दोन बोटं खोल. त्यात तांब्याभर पाणी मावतं, जास्त नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण पारा त्रेचाळिसाला टेकला त्या आठवड्यात त्यांच्या कट्ट्यावर फुटक्या माठाचा बुडखा आला, पाण्यानं भरलेला.

पक्ष्यांना घाम येत नाही. उन्हाच्या कडाक्यात चोच उघडी टाकून धापा टाकणं हाच त्यांचा मुख्य उपाय आणि त्यात अंगातलं पाणी उडून जातं. दुपारी कडुनिंबाच्या सावलीत ठेवलेल्या परळाशी जरा बसून पाहावं. चिमणी चोचीत थेंब घेते, मान वर करते, गिळते, पुन्हा वाकते. होला असलं काही करत नाही. चोच पाण्यात बुडवतो आणि मान वर न उचलता सरळ ओढून घेतो. बुलबुल पिण्याआधी अंघोळ उरकतो, मग मागून येणाऱ्यांना अर्धंच पाणी उरतं. सातभाई घोळक्यानं येतात आणि पाण्यावरून आपसात कचाकचा भांडतात. नळावरच्या भांडणांची सवय असलेल्या सोलापूरकराला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

सगळ्यांत बेरकी कावळा. आपली कडक भाकरी आमटीत चुरल्याशिवाय माणसाच्या दातालाही दाद देत नाही. कावळा कुठून तरी तिचा तुकडा उचलून आणतो, परळात टाकतो, थोडा वेळ इकडेतिकडे पाहत थांबतो आणि मऊ झाला की खातो. त्यानंतर ते पाणी कोणाच्याच कामाचं राहत नाही. म्हणून परळ रोज रिकामं करायचं, नारळाच्या काथ्यानं साबणाशिवाय घासायचं आणि ताजं पाणी भरायचं. जुनं पाणी जास्वंदीच्या मुळाशी जातं, तेव्हा हिशेबातही काही बुडत नाही. रोज बदललेल्या पाण्यात डासांची पैदासही होत नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. खरी काळजी झाकण नसलेल्या ड्रमची करावी.

दाण्यांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. ज्वारी-बाजरीची मूठ टाकायला हरकत नाही. ज्वारीच्या जिल्ह्यात पाखरांनी ज्वारी खाल्ली नाही तर काय खावं! हुरड्याच्या दिवसांत मध्य आशियाकडून भोरड्यांचे थवे उतरतात, संध्याकाळी आभाळभर वळसे घेतात, आणि शेतकरी गोफण, पत्र्याचे डबे घेऊन माळ्यावर उभा असतो. आपण शहरात बसून त्या थव्यांचं कौतुक करतो, तेव्हा त्याच्या कणसांचाही विचार करावा. ते असो. अंगणात पोतंभर धान्य ओतलं की जमतात पारवेच, आणि त्यांच्या विष्ठेनं फुप्फुसाचे आजार होतात म्हणून २०२५ मध्ये मुंबईचे कबुतरखाने बंद करण्यापर्यंत वेळ आली. शिवाय चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिल्लांना भरवते अळ्या आणि किडेच. औषध फवारलेल्या चकचकीत बागेत दाण्यांचा ढीग असूनही पिल्लं उपाशी राहू शकतात.

त्यापेक्षा झाडं लावावीत आणि थोडा गबाळेपणा चालवून घ्यावा. कढीपत्त्याला काळी फळं धरू दिली की बुलबुल येतो. जास्वंद फुलली की शिंजीर येतो. शेवग्याची वाळकी फांदी छाटायची घाई करू नये. तांबट अशाच मऊ लाकडात ढोली कोरतो.

चिमण्यांना जागा हवी. माळवदाच्या घरांत किलचांच्या फटीत, भिंतीतल्या कोनाड्यात त्यांची घरटी असायची. सिमेंटच्या घरात फटच ठेवत नाहीत. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम सुरू केलं आणि २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस झाला. त्या दिवशी लाकडी घरटी वाटली जातात, हौसेनं टांगलीही जातात, बरीचशी पश्चिमेच्या भिंतीवर. सोलापुरात पश्चिमेची भिंत म्हणजे भट्टी; तिथं पिल्लं शिजतील. सावलीच्या बाजूला, दीड-दोन पुरुष उंचीवर, सव्वा इंचाचं भोक असलेलं घरटं लावा. भोकासमोर बसायला दांडी नको, ती कावळ्यालाच सोयीची. आणि पंखा लांब असू द्या.

पाखरांवर आणि जंगलांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली याच गावात १९३२ साली जन्मले. वनखात्यात आयुष्य विदर्भाच्या जंगलांत घालवून उतारवयात इथेच परतले आणि १८ जून २०२५ रोजी इथेच गेले. २००६ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. पाखरांवर प्रेम करणाऱ्या गावाला एवढा वारसा पुरेसा आहे. पण याच गावापासून जेमतेम वीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी तिथं १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आता तिथं माळढोक दिसणं दुर्मिळ. त्याला अंगण नको, परळ नको; त्याला मोकळा माळ हवा होता. परळानं सगळे पक्षी वाचत नाहीत, हे अंगणात पाणी ठेवणाऱ्यानंही ध्यानात ठेवलेलं बरं.

चिमणी, होला, बुलबुल मात्र वाचतात. उन्हानं एखादा खाली पडला तर चोच उघडून पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या गार जागी ठेवा, बाजूला पाण्याचं झाकण ठेवा. घरट्यातून पडलेलं पिल्लू परत घरट्यात ठेवायला घाबरू नका, माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. पोपट सापडला तर पिंजऱ्यात घालू नका, १९७२ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि जखम मोठी असेल तर वनविभागाचा मदत क्रमांक आहे १९२६.