ग्रेटाकाठची वहिवाट

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातील कंब्रिया परगण्यात, जेथे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत लांबट सरोवरे पसरली आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांस उघड्या माथ्यांचे डोंगर उभे आहेत, तेथे सायकलीने हिंडू इच्छिणाऱ्यास एक अडचण प्रारंभीच जाणवते. सपाट भूमी इतकी थोडी की नदी, गाव, शेत आणि रस्ता या सर्वांना तिच्यातच वाटा हवा असतो, आणि त्या वाटणीत मोटारीने आपला हिस्सा सर्वांहून मोठा करून घेतला आहे. पेनरिथ स्टेशनावर उतरून आडवाटांनी मी पश्चिमेकडे निघालो तो या चिंतेतच. परंतु ८६८ मीटर उंचीच्या ब्लेनकॅथ्रा पर्वताच्या पायथ्याशी थ्रेलकेल्ड हे गाव लागते, आणि तेथून केझिकपर्यंत, सुमारे पाच किलोमीटर, एक अशी वाट आहे की जिच्यावर मोटारीस सर्वस्वी मज्जाव असून पादचारी, सायकलस्वार आणि चाकांच्या खुर्चीतून फिरणारे यांचाच अंमल चालतो. तिच्यासाठीच मी आलो होतो.

ही वाट मुळात लोहमार्गाची. डरहॅमच्या खाणींच्या मुलखात तयार होणारा कोक पश्चिम किनाऱ्यावरील लोखंडाच्या भट्ट्यांना हवा होता, आणि त्या किनाऱ्याजवळ सापडणारे तांबूस लोहखनिज पूर्वेकडील भट्ट्यांना. या देवघेवीच्या आड हा सारा डोंगराळ टापू येत होता. १८६१ साली पार्लमेंटची मंजुरी मिळून कॉकरमथ, केझिक आणि पेनरिथ यांना जोडणारी रेल्वे आखली गेली, १८६४ च्या अखेरीस तिच्यावरून माल जाऊ लागला आणि १८६५ च्या जानेवारीत उतारू. तिचा स्थापत्यविशारद टॉमस बाउच. पुढे १८७९ च्या डिसेंबरात, वादळी रात्री, त्याने बांधलेला टे नदीवरील पूल धावत्या गाडीसह कोसळला आणि त्याचे नाव त्या एका अपघाताशी कायमचे जखडले गेले. म्हणून येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते की ग्रेटा नदीच्या या अरुंद घळीत, एवढ्याशा अंतरात आठ वेळा नदी ओलांडावी लागत असताना, त्याच माणसाने धनुष्याकृती गर्डरांचे जे पूल उभारले, त्यांतील बहुतेक दीड शतकानंतरही आपल्या जागी आहेत, आणि त्यांच्यावरून आज लहान मुले निर्धास्तपणे सायकली चालवीत जातात.

थ्रेलकेल्डहून केझिककडे उतार आहे, पण तो आगगाडीच्या इंजिनास झेपेल इतकाच. साडेबासष्ट फुटांस एक फूट. अशा उतारावर सायकलीस वेग येतो तो हळूहळू, न कळत, आणि ब्रेकला हात न लावताही तो ताब्यात राहतो. नदी एकदा डाव्या हातास असते, पूल ओलांडला की उजव्या हातास जाते, आणि तिचा आवाज मात्र अखंड सोबत करतो. ओक, अ‍ॅश आणि हेझल यांच्या शेवाळलेल्या खोडांवरून दृष्टी खाली प्रवाहातील खडकांवर जाते. मागून काही येत आहे की काय, ही जी धास्ती रस्त्यावरील सायकलस्वाराच्या पाठीवर नित्य बसलेली असते, ती येथे उतरली आणि मग मान वळवून, मन लावून पाहणे मला प्रथमच शक्य झाले. डोंगर सर्वत्र होतेच. ते पाहण्याची फुरसत या वाटेने दिली.

या प्रदेशात रेल्वे आणावी की नाही यावर एके काळी मोठे रण माजले होते. केंडल-विंडरमियर रेल्वेची योजना १८४४ साली पुढे येताच वृद्ध कवी वर्ड्‌स्वर्थने वृत्तपत्रांतून तिचा कडाडून निषेध केला. निसर्गसौंदर्याचा आस्वाद ही संस्काराने येणारी गोष्ट आहे, कारखान्यांतील मजुरांना गाड्या भरभरून आणून सरोवराकाठी सोडल्याने त्यांनाही लाभ नाही आणि त्या स्थळाचा एकांतही नष्ट होतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. कवीविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला वाटते की गोंगाटाविषयी तो बोलला ते सत्य होते आणि माणसांविषयी बोलला ते अन्यायाचे होते. सरोवरांचा हा मुलूख सर्वांची मालमत्ता मानावा, हा विचार त्याच वर्ड्‌स्वर्थने आपल्या प्रवासपुस्तकात मांडला होता. तो विचार अखेरपर्यंत नेण्याचे काम पुढील पिढीने केले.

वाटेच्या उत्तरेस लॅट्रिग ही ३६८ मीटरांची ठेंगणी टेकडी आहे. तिच्यावर जाणारी वहिवाटीची पायवाट जमीनमालकाने बंद केली, तेव्हा १८८७ च्या ऑक्टोबरात सुमारे दोन हजार लोक उघडपणे अडथळे ओलांडून माथ्यावर गेले. प्रकरण न्यायासनासमोर गेले आणि पुढल्या वर्षी तडजोड होऊन वर जाण्याचा एक मार्ग लोकांना कायमचा मिळाला. पायवाटांचे रक्षण करणाऱ्या स्थानिक मंडळीत अग्रभागी होते क्रॉस्थ्वेटचे धर्मोपदेशक हार्डविक रॉन्सली. यांनीच १८८३ साली डरवेंटवॉटर सरोवराच्या बाजूने दगडखाणींपर्यंत नेण्याच्या रेल्वेस विरोध करून ती हाणून पाडली होती, आणि यांनीच १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर यांच्यासह नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. यंत्राला मज्जाव आणि माणसाला मुभा, ही त्यांची भूमिका वर्ड्‌स्वर्थच्या भूमिकेहून मला कितीतरी उदार वाटते.

१९७२ साली केझिकची शेवटची गाडी गेली, रूळ उखडले गेले, आणि कालांतराने या मुलखातील राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ही वाट लोकांस खुली केली. मग २०१५ च्या डिसेंबरात डेस्मंड नावाचे वादळ आले. जवळच्या हॉनिस्टर घाटात चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला; आपल्या सह्याद्रीस असा पाऊस नवा नाही, पण ब्रिटनमध्ये तो उच्चांक ठरला. ग्रेटेने दोन पूल आणि वाटेचा बराच भाग वाहून नेला. पुनर्बांधणी होऊन २०२० च्या डिसेंबरात वाट पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्यावर डांबर पसरले होते, आणि खडीमातीचा जुना पृष्ठभाग ज्यांना प्रिय होता त्यांनी तक्रार केली. त्यांची हळहळ मला समजते; पण एक वृद्ध बाई चाकांच्या खुर्चीतून, नातवाचा हात धरून, पुलाच्या मध्यावर थांबून पाणी पाहत असलेली मी पाहिली, आणि त्या डांबराच्या बाजूने माझे मत कायमचे पडले.

लो ब्रायरी येथे सुताच्या गिरण्यांना लागणारे लाकडी बॉबिन करण्याचा कारखाना होता. लँकेशायरच्या मागांची भूक या डोंगरांतील झाडांनी आणि ओढ्यांनी भागविली आहे. त्यापुढे एक बोगदा लागतो. बाह्यवळण रस्ता बांधताना १९७० नंतरच्या दशकात तो भराव घालून बुजविला होता; नव्या पुनर्बांधणीत तो उकरून काढला. त्यातून बाहेर पडले की लवकरच केझिकच्या जुन्या स्टेशनाचा फलाट येतो.

त्या फलाटावर मी बराच वेळ रेंगाळलो, त्याचे कारण महाराष्ट्राशी निगडित आहे. केझिकला १८७५ पासून दर उन्हाळ्यात ख्रिस्ती भाविकांचे मोठे संमेलन भरते. १८९८ साली, अमेरिकेतील साहाय्यक मंडळाच्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपल्यानंतर तिकडून परतताना, पंडिता रमाबाई या संमेलनास आल्या होत्या, आणि लाभलेल्या थोड्या वेळात हिंदुस्थानातील ख्रिस्ती जनांसाठी प्रार्थना करावी अशी विनंती त्यांनी सभेस केली. दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो मुली तेव्हा केडगावी त्यांची वाट पाहत होत्या. रमाबाई कोणत्या गाडीने आल्या याचा दाखला माझ्यापाशी नाही, पण त्या काळी येथे येणाऱ्या परदेशस्थास रेल्वेइतका सोयीचा मार्ग दुसरा नव्हता. ग्रेटेची घळ त्यांनीही डब्याच्या खिडकीतून पाहिली असावी, असे मानावयास मला आवडते.

केझिकच्या पश्चिमेस मात्र हे सुख नाही. तिकडचा लोहमार्ग १९६६ सालीच बंद झाला आणि बॅसेन्थ्वेट सरोवराच्या काठाने गेलेली त्याची सारी सपाट जमीन मोठ्या मोटाररस्त्याने घेतली. जे पाणी शेजारून पाहत जावे, ते सायकलस्वारास विनलॅटरच्या घाटावरून, झाडांच्या फटीतून, दूर खाली दिसते, आणि त्याच्या कडेने मालमोटारींची रांग चाललेली असते. त्या काठावर एक अरुंद पट्टी तरी परत मिळावी, असे मला फार तीव्रतेने वाटले. घाट उतरून लॉर्टनच्या खोऱ्यातून मी कॉकरमथला पोहोचलो. तेथे वर्ड्‌स्वर्थचे जन्मघर आहे. १९३० नंतरच्या दशकात ते पाडून त्या जागी बसस्थानक बांधण्याचा घाट घातला गेला होता; नगरवासीयांनी वर्गणी जमवून ते सोडविले आणि १९३८ साली नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले.