पट्टा पडल्यानंतरचे दिवस

साखर कारखान्यातल्या बॉयलरचं अग्निप्रदीपन, उसाच्या गव्हाणीची पूजा, पहिली मोळी यांचे फोटो दरवर्षी छापून येतात. शेवटचा ट्रक रिकामा झाल्यावर, म्हणजे पट्टा पडल्यावर, काय होतं, ते मिल हाऊसमधल्या माणसांनाच ठाऊक. कृष्णाकाठी, रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत, फिटरांची खरी कसोटी तेव्हाच लागायची.

गव्हाण बंद झाली तरी मिल थांबवत नसत. रिकामीच फिरवायची आणि वरून गरम पाण्याचा मारा. खाचांत राहिलेला रस आंबतो आणि आंबलेला रस लोखंड खातो. मग रोलर उचलायचे, जर्नल (रोलरचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) कोरडे पुसून ग्रीसचा जाड थर, त्यावर गोणपाट. प्रत्येक बेअरिंगवर खुणेचा पंच, म्हणजे ज्याचं त्याच्याच जागी बसेल. बॉयलर आतून सुकवून ड्रममध्ये चुनकळीचे ट्रे ठेवत. आतली ओल चुना ओढून घेई. पावसाळ्यात मॅनहोल उघडायचं, फुललेला चुना काढून ताजा भरायचा. मोटारींच्या पोटात बल्ब जळत ठेवत, वाइंडिंगला दमट हवा बाधू नये म्हणून.

ही जाण कारखान्यांच्याही आधीची. 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथले ऊस गाळायचे लोखंडी चरक गावोगाव गेले. गुऱ्हाळ संपलं की शेतकरी चरक धुऊन तेलाचा हात फिरवायचा, काहील पालथी घालायचा.

आता वाफेच्या टर्बाइनऐवजी पुष्कळ ठिकाणी मिलला विजेच्या मोटारी आल्या. ऑक्सिजन शोषणारी रसायनं घालून बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून ठेवता येतो. इव्हॅपोरेटरच्या नळ्या माणसं आत उतरून ब्रशने घासायची. ते काम आता जोरदार दाबाचं पाणी करतं. हे फार चांगलं झालं. त्या उकाड्यात कुणाला पुन्हा उतरावं लागू नये.

पण कारखाने वाढले, गाळपक्षमता वाढली, तसा हंगाम आखडला. 15 नोव्हेंबरला सुरू झालेला 2024-25 चा हंगाम बहुतेक ठिकाणी मार्चअखेरीपर्यंत आटोपला. पूर्वी एप्रिल-मेपर्यंत चालणारी यंत्रं आता वर्षातले सात-आठ महिने उभी असतात. पूर्वीपेक्षा जास्त जपावं लागण्याचा हा काळ, आणि नेमकं याच काळात ओव्हरहॉलिंग कंत्राटावर जातं. निविदा निघून माणसं येईपर्यंत गंजाने आपलं काम सुरू केलेलं असतं. नंतर कितीही वेल्डिंग केलं तरी झिजलेलं जर्नल पहिल्यासारखं होत नाही. दुरुस्तीचा हा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच जातो.

संचालक मंडळींना एवढंच सांगणं आहे: निवृत्त फिटरांना हंगामाआधी रोलर पूजनाला बोलावता, ते बोलावणं पट्टा पडतो त्याच आठवड्यात पाठवा. तरुण पोरं त्यांच्या हाताखाली द्या, आणि ते काय-काय करतात ते लिहून घ्या.