चुकलेला ताल

गेल्या पावसाळ्यांत आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवरून घसरलों आणि डोकें दगडी कठड्यावर आपटलें. रक्त आलें नाहीं. सीटी स्कॅनही निर्दोष निघाला. आम्हांस हायसें वाटलें. सौभाग्यवतींस मात्र वाटलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्या म्हणाल्या, "पूर्वीं तुम्ही प्रश्न पुरा होण्याआधींच उत्तर देत होतां, आतां विचारल्यावर थोडें थांबतां."

हें 'थोडें थांबणें' आमच्या मनांत घर करून राहिलें. स्कॅन घराच्या भिंती दाखवितो. आंतील माणसांचें कसें चाललें आहे तें त्यांत दिसत नाहीं. तें ऐकण्याची वाट येना येथील हान्स बर्गर या मानसरोगतज्ज्ञांनीं दाखविली. मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी त्यांनीं १९२४ सालीं प्रथम टिपल्या आणि १९२९ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मस्तकावर सेकंदास सुमारें १० आंदोलनें उमटतात. व्होल्टच्या कांहीं दशलक्षांशांइतकीं क्षीण! पापणी लवली तरी तीं झांकलीं जातात. म्हणून आधीं हा गोंगाट गाळावयाचा. मग फ्रेंच गणिती फूर्ये यांनीं १८२२ सालच्या उष्णताविषयक ग्रंथांत मांडलेल्या रीतीनें, वृंदवादनांतून एकेक वाद्य ओळखावें तशा, जलद व मंद लहरी वेगळ्या करावयाच्या. मार बसलेल्या मेंदूंत पुष्कळदां जलद लहरींचा जोर ओसरतो आणि मंद लहरींचा वाढतो.

पण खरी अडचण पुढेंच आहे. यंत्र आमच्या लहरी ताडून पाहणार कोणाशीं? अपरिचित निरोगी माणसांच्या सरासरीशीं. एखाद्याचा मूळचा ताल ११ चा असून तो ९ वर उतरला, तरी ९ हा आंकडा निरोगी मर्यादेंतच बसतो. यंत्रास दोष दिसावा कसा? त्यास अपघातापूर्वींची नोंद हवी, आणि आमची अशी नोंद कोणाकडेच नव्हती.

नव्हती कशी? एका व्यक्तीकडे होती. अठ्ठावीस वर्षांची, अखंड. ज्या सूक्ष्म विलंबासाठीं विद्वानांनीं एवढें गणित रचलें, तो त्यांनीं चहाचा पेला पुढें ठेवतां ठेवतां ओळखला होता. आणि आम्हीं तो 'बायकांचा घोर' म्हणून हंसण्यावारी नेला होता, याची आज लाज वाटते.

सहा आठवड्यांनीं एके सकाळीं त्या कांहींतरी विचारूं लागल्या आणि प्रश्न संपण्यापूर्वींच आम्हीं उत्तर दिलें. उत्तर साफ चुकीचें होतें. पण त्या दिवशीं त्या प्रथमच निश्चिंतपणें हंसल्या.